उसना चष्मा

तार्तूत फेब्रुवारीत पाचलाच रात्र होते.
सहा वाजता दाराशी बूट आपटल्याचे आवाज,
आणि मी, हेल्वे, जुन्या सूतगिरणीच्या हॉलमध्ये
कोट घेते, पितळी बिल्ला देते.
अठ्ठावीस वर्षं.
माणसं मला चेहऱ्यांनी नाही, वजनांनी ठाऊक:
ओल्या लोकरीचं वजन,
खिशात बाटली असलेल्या कोटाचं,
आणि ज्याचं तुटलेलं बटण आता कुणी लावून देत नाही त्याचं.

आज तीन कादंबरीकार.
टेबलावर तीन ग्लास पाणी, एक माइक, तोही सर्दी झालेला.

पहिला काउर. सव्विशीचा असेल.
त्याच्या कादंबरीत कुणालाच आई नव्हती,
पण त्याची आई दुसऱ्या रांगेत होती,
मांडीवर केकचा डबा घेऊन,
आणि दर शिवीला डब्याचं झाकण
पुन्हा एकदा नीट बसवत होती.

मग सिग्ने. विणताना टाके मोजावेत तशी वाचते.
तिच्या पानात एक बेट, बेटावर एक मेंढी,
जिचं सगळं गाव देणं लागत होतं.
का, ते कळायच्या आत तिची मिनिटं संपली.
टाळ्या पडल्या.
मेंढी माझ्या डोक्यात तशीच उभी, वारा पाठीवर घेऊन.

तिसरे एल्मार. सत्त्याहत्तर.
उठले. एक खिसा चाचपला, दुसरा, पुन्हा पहिला.
चष्मा वाल्गाच्या गाडीत राहिला होता.
कुणीतरी खोकलं. आयोजक बाईंनी कपाळावर हात मारला.
माझे पाय आधी निघाले, मी मागून.
गळ्यातली दोरी काढली
आणि माझा चष्मा त्यांच्या हातात ठेवला,
बिल्ला ठेवते तसा, न बोलता.

तपकिरी, बायकी, एका काडीला दोरा गुंडाळलेला.
लोक हसले. ते नाही हसले.
म्हणाले, नंबर जवळपासचा आहे, अक्षरं थोडी पोहतायत,
पण गोष्ट पाण्याचीच आहे, चालेल.

मला मग काही दिसेना.
खुर्च्या विरघळल्या,
माणसं खुंटीवरच्या कोटांसारखी,
आणि आवाज तेवढा उरला.
एक बाई नदी गोठायची वाट पाहतेय, पलीकडे जायला.
पूल आहे. पण पुलावर तिला सगळे ओळखतात.
रोज पहाटे काठीनं बर्फ ठोकते.
रोज आवाज जरासा बदललेला.

मधेच ते थांबले. पान दूर धरलं.
"हे मी लिहिलेलं नाही, चुकून वाचलं.
बरं आहे पण."
आणि पेन्सिल काढून, सगळ्यांदेखत,
छापील पुस्तकातली ओळ बदलली.
आधी तिथे काय होतं, मला कधीच कळणार नाही.

ती बर्फावर पहिलं पाऊल ठेवते, आणि पुस्तक मिटतं.
हे लोक असेच. भूक लावायची नि ताट ओढायचं.

परतीची झुंबड मी चष्म्याविना निभावली,
बिल्ल्यांवरचे आकडे अंगठ्यानं वाचत.
एकच चूक: काउरच्या आईला सिग्नेचा लाल कोट.
तिनं तो घालून पाहिला,
आरशापुढे, चूक कळल्यावरही बराच वेळ.

एल्मार सर्वांत शेवटी. चष्मा दिला.
मी विचारलं, पोचते का ती?
बाहीत हात अडकलेला, तसेच म्हणाले,
"छापलंय त्यात पोचते.
मला मात्र अजून खात्री नाही."

बिल्ला त्यांच्याच खिशात गेला.
सत्तेचाळीसची खुंटी तेव्हापासून मी कुणाला देत नाही,
सांगायला कारणही नाही.
काचेवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा आहे.
पुसेन.
काल रात्री एमायोगीच्या पुलावर थांबले,
कठड्यावरचं बर्फाचं ढेकूळ खाली लोटलं,
आणि कान दिला.